टेपीची नाडी

माझं मोर्शीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकतो आणि म्हणतो, भरून द्या. मी आधी ती उघडून कुठून जळाली ते पाहतो. पाणी शिरलं, बेअरिंग बसलं, की विजेचा एक फेज गेलेला असताना चालवली. हे न पाहता नवी तार भरली तर ती पुन्हा जळते. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मी हे सोडत नाही.

माझी बायको गोदा मागच्या वर्षी पोळ्यानंतर तापानं गेली. दवाखान्याच्या कागदावर ताप आणि किडनी निकामी, एवढंच लिहिलेलं होतं. मोटार बंद पडली असं लिहावं, तसं ते होतं. कशानं गेली हे मला अकरा महिने माहीत नव्हतं.

यंदा श्रावणात डॉक्टर लुबना दुकानात आल्या. तिशीच्या आतल्या, मूळच्या अकोल्याच्या. अमरावतीला राहून तापांवर संशोधन करतात आणि तापानं माणूस गेलेल्या घरी जाऊन विचारपूस करतात. त्यांच्याकडे बरेच प्रश्न होते. गुरं आहेत का, उंदीर किती, शेतात कोण जातं. मग त्यांनी विचारलं, "काका, काकूंच्या अंगावर कुठे काळी खपली होती का? बिडीचा चटका लागल्यावर होते तशी?"

"होती," मी म्हटलं. "कमरेले."

त्यांचा पेन थांबला. "डॉक्टरांना दाखवली होती?"

"नाई. ते नाडीनं काचलं होतं."

हे समजावून सांगावं लागलं. वाइंडिंगमध्ये कॉइल बांधायला पांढरी कॉटनची टेप लागते. गोदा परकराला त्या टेपीचीच नाडी घालायची, कारण बाजारातली नाडी तुटते आणि ही तुटत नाही. ती निंदणाच्या टोळीत जायची. टोळीतल्या सगळ्या बायकांना तिनं दुकानातून टेप कापून नेऊन दिली होती. मी रीळ शोधत बसायचो आणि ते घरी डब्यात सापडायचं.

ताप यायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "पाहा, तुमची टेप काचली." मी पाहिलं. तुरीच्या डाळीएवढी काळी खपली, भोवती लाल. दुखतं का विचारलं तर नाही म्हणाली. मी बाजारातून मऊ नाडी आणून दिली, तिनं खोबरेल लावलं, आणि आमच्या दोघांच्या लेखी ती गोष्ट तिथं संपली. पुढं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, अंगावर काही उठलं आहे का. शेजारच्या खाटेपाशी दोन परके पुरुष उभे होते. गोदानं मान हलवून नाही म्हटलं. मीही तिथंच उभा होतो. बायकोच्या कमरेचं चारचौघांत काय सांगायचं, आणि तेही नाडीचं.

लुबनाबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काकूंना स्क्रब टायफस झाला असेल, काका. आता खात्रीनं सांगता येणार नाही. गवतातला एक बारीक किडा चावतो. ना दुखत, ना खाजत. आठ-दहा दिवसांनी ताप येतो. ती खपली दिसली की डॉक्टरला लगेच अंदाज येतो."

"मग औषध?"

"गोळ्या असतात. साध्या."

"मोर्शीत मिळतात?"

त्या कागदाकडे पाहत म्हणाल्या, "मिळतात."

मी त्यांना तासभर सोडलं नाही. किडा केवढा, कुठं राहतो, माणसालाच का चावतो. त्या म्हणाल्या, वाक्याच्या शेवटी टिंब देतो तेवढा. राहतो उंदरांच्या अंगावर, माणूस मध्ये सापडतो. चावतो ते किड्याचं पिल्लू, मोठा किडा चावत नाही. पाहायचा असेल तर गवतात काळी पाटी ठेवतात, तो तिच्यावर चढतो. माझ्या दुकानात काळ्या बेकलाइटचे सपाट तुकडे पडलेलेच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गमबूट आणि लांब बाह्यांचा सदरा घालून मी सहा तुकडे घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात गेलो. गोदा तिथंच बकऱ्यांसाठी गवत कापायची.

चौथ्या तुकड्यावर तो दिसला. नारिंगी ठिपका, चालणारा. मी भिंग धरलं. लुबनाबाई म्हणाल्या होत्या, पिल्लाला सहा पाय असतात. मला मोजता आले नाहीत. मला वाटलं होतं, पाहिल्यावर राग येईल. तसा आला नाही. एवढासा जीव, त्याला नाडीच्या घट्ट जागेचा पत्ता कसा लागतो, हेच मी पाहत राहिलो. तो तुकड्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत फिरला.

लुबनाबाईंच्या ऑफिसनं या आजारावर दोन मिनिटांचा व्हिडिओ केला होता. त्या म्हणाल्या, काका, तुमची ओळख मोठी, पाठवा सगळीकडे. माझ्या मोबाईलवर पंपवाल्यांचा ग्रुप आहे, गावचा आहे, संत्रावाल्यांचा आहे. सगळीकडे टाकला. लगेच अंगठे आले, हात जोडलेले आले, 'छान माहिती' आलं. पण मोटार चालू झाली म्हणून पाणी आलंच असं नसतं, पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाहावं लागतं. मी दुकानात येणाऱ्या एकेकाला विचारायला लागलो, "व्हिडिओ पाह्यला?"

"पाह्यला ना."

"घरी दाखवला?"

"घरी कायले? ते डॉक्टरी आहे ना जी, मोतीभाऊ."

अकरा जणांना विचारलं. घरी दाखवलेला एक निघाला, तोही बायको माहेरी असताना बापाला दाखवलेला.

मग मी मनकर्णाबाईंना विचारलं. त्या निंदणाच्या टोळीच्या मुकादम, गोदाची मैत्रीण. त्यांच्या मोबाईलवर टोळी दिवसभर गाणी ऐकते. मी व्हिडिओ लावून माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

"काय समजलं?" मी विचारलं.

"बाई गोरी आहे."

"अजून?"

"तिच्या पायावर कायतरी आहे. मागून पेटी वाजून रायली." त्यांनी मोबाईल परत दिला. "हे आपल्या इकडचं नाई वाटत, भाऊजी. त्या बाईनं कधी निंदण केलं असन काय?"

मी त्यांना नाडीपाशी काळा डाग होतो का ते विचारलं. बोलताना जरा अडखळलो. त्या म्हणाल्या, "नाडीचा काळा डाग तं साऱ्याच बायाइले असते. त्याच्यात काय पाहाचं?"

ही गोष्ट मी लुबनाबाईंना फोनवर सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, हेच तर आम्हाला माहीत नव्हतं. नाडीचा डाग लांबट पट्टा असतो, खपली गोल असते. नाडी आणि खपली एकाच फोटोत दिसली तर बायका फरक ओळखतील. पण असा फोटो माझ्याकडे नाही."

असा एक फोटो होता. माझी मुलगी दामिनी अकोल्याला दिलेली आहे. आईच्या तापात ती आली होती, अंग पुसून देताना तिला ती खपली दिसली होती, आणि कुणाला तरी दाखवू म्हणून तिनं मोबाईलवर फोटो काढला होता. पुढं दाखवायचं राहून गेलं.

मी अकोल्याला गेलो. जठारपेठेत तिचं घर आहे. जेवण झाल्यावर विषय काढला. तिनं ताट उचलता उचलता खाली ठेवलं.

"आईची कंबर लोकाइच्या मोबाईलवर फिरवता काय, बाबा?"

"नाव नाई घेणार कोणी. लुबनाबाई लेखी परवानगी घेतात. तू नाई म्हटलं तर विषय संपला."

"आई मावशीसमोर साडी बदलत नव्हती. दार लावून घ्याची. उन्हाळ्यात बी." तिनं ताट पुन्हा उचललं. "तुमाले मोटार उघडाची सवय आहे. आई मोटार नाई."

ती ताट घेऊन आत गेली. जाताना मोबाईल माझ्यासमोर ठेवून गेली, फोटो उघडून.

पांढरी टेप दिसत होती. मऊ नाडी मी आणून दिली होती तरी तिनं टेपच घातली होती. टेपीला गाठ. गाठीच्या वर बोटभर अंतरावर ती खपली. टेपीनं काचायचं तर टेपीखाली काचलं असतं. एवढं अंतर मला तेव्हा दिसलं नव्हतं. मी ते कितीतरी वेळ पाहिलं.

दामिनी बाहेर आली तेव्हा मी मोबाईल पालथा ठेवला होता. ती म्हणाली, "फक्त खपली कापून देते. बाकी काईच दिसलं नाई पायजे."

तिनं तसं करून दिलं. मोर्शीला येऊन मी तो कापलेला फोटो मनकर्णाबाईंना दाखवला. त्यांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला.

"हे काय होय? जांभुयाची बी काय?"

"माणसाच्या अंगावरचं आहे."

"कुठचं?"

"कमरेचं. नाडीच्या वर."

"नाडी तं दिसून नाई रायली."

मी सांगायला लागलो, की टेपीची गाठ होती, आणि गाठीच्या वर बोटभर. टेप हा शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मनकर्णाबाईंचा हात त्यांच्या स्वतःच्या कमरेशी गेला होता.

"गोदाचं होय हे," त्या म्हणाल्या.

दामिनीला दिलेला शब्द तिथंच मोडला होता.

"तीच टेप आमच्या साऱ्याइच्या कमरेले आहे, भाऊजी. तिनंच देल्ली. ते टेप दिसू द्या ना फोटोत."

"मग ओळखतील सगळ्या."

"ओळखतीन तं ओळखू द्या. गोदाचं आहे म्हनूनच पाहतीन. ते गोरी बाई आमची कोन लागते?"

"दामिनी नाही म्हणते. अन तिचं चूक नाही."

"तिचा नंबर लावून द्या."

मी लावून दिला. मनकर्णाबाई फोन घेऊन दुकानाबाहेर गेल्या, रस्ता ओलांडून समोरच्या कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. एका शेतकऱ्याची मोटार अर्धी उघडलेली होती, तिचा एक बोल्ट मी तीनदा आवळला आणि तीनदा सोडला. त्या पाऊण तास बोलल्या. मध्येच एकदा पदरानं डोळे पुसले, एकदा हसल्याही.

परत येऊन म्हणाल्या, "फोटो देते म्हनली. नव्या पिच्चरले आवाज बी तीच देते, आपल्या बोलीत. पन तिची एक अट आहे. पिच्चर बायाइच्याच मोबाईलवर जाईन. मानसाच्या एकाही ग्रुपवर नाई."

"बरं."

"तुमच्या मोबाईलवर बी नाई."

"मी तर फोटो पाहिला आहे, बाई."

"फोटो पाह्यला, पिच्चर नाई. तुमी मानूसच होय ना?"

"पोरगी काय म्हणाली, ते तरी सांगा."

"ते आमचं होय," म्हणून त्या गेल्या.

लुबनाबाईंनी लेखी परवानगी घेतली, त्यांच्या कमिटीला दाखवलं, आणि दामिनीच्या आवाजातला नवा व्हिडिओ पोळ्याच्या दोन दिवस आधी तयार झाला. खपली कुठं कुठं लपते, नाडीखाली, काखेत, छातीखाली, आणि दवाखान्यात न लाजता सांगून ती दाखवायची, हे त्यात आहे म्हणतात. मी पाहिलेला नाही. एकदा फक्त कानावर पडला. मी एका संत्र्याच्या बगीच्यात मोटार बसवत होतो आणि पलीकडच्या धुऱ्यावर टोळी भाकरी खायला बसली होती. मोबाईल वाजत होता. दामिनीचा आवाज बोलताना गोदासारखा खाली उतरतो, हे मला तेव्हा कळलं. शब्द कळत नव्हते. एक बाई मध्येच म्हणाली, "थांब व, मांगं घे, पुन्हा दाखव." मी हातातलं काम थांबवून उभा राहिलो. मग पाना घेतला.

पोळ्यानंतर तीन आठवड्यांनी लुबनाबाईंचा फोन आला. तिवशाकडची एक बाई तापानं एका दवाखान्यात आली होती. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच म्हणाली, नाडीपाशी पाहा. खपली होती. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

"तिवशाला कोणी पाठवला?" मी विचारलं.

"तेच मी शोधतेय, काका. आम्ही तर मोर्शीतल्या बारा जणींनाच दिला होता. कुणाकडून कुणाकडे गेला ते विचारलं की बायका हसतात. कुणी सांगत नाही."

संध्याकाळी मनकर्णाबाई दुकानात आल्या. तिवशाची बाई त्यांना माहीत होती, चेहऱ्यावर दिसत होतं.

"कोण बाई हो ती?" मी म्हटलं. "कोणत्या टोळीतली? मोर्शीची लेक होय काय?"

"ते सांगत नसतात, भाऊजी."

मला फार विचारायचं होतं. ताप कितव्या दिवशी ओळखला, खपली नाडीच्या वर होती का खाली, तिच्या नाडीला टेप होती का आणि असली तर तिवशापर्यंत ती कोणी नेली. जळालेली प्रत्येक मोटार मी उघडून पाहिली आहे. ही जळालीच नव्हती.

"बरी आहे?" एवढंच विचारलं.

"बरी आहे. काल घरी गेली."

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाल्या, "टेप आहे काय? चार मीटर पायजे. टोळीत नव्या दोघी आल्या."

मी रीळ काढलं. या वेळी ते जागेवर होतं. चार मीटर मोजून कापलं, दोन वेगळ्या घड्या केल्या आणि त्यांच्या हातात दिल्या.