पट्टी लावा, काका

मी एक पोलादी पट्टी बोलतेय. माझा आवाज बारीक आहे, तेव्हा जरा जवळ सरका.

कारखान्यात मला तापवलं, दाबलं, घासलं आणि अंगावर बारीक रेघा कोरल्या. लाकडी पट्ट्या ओलाव्याने फुगतात, प्लास्टिकच्या उन्हात वाकतात. मी काही केल्या बदलत नाही. माणसांना हा माझा गुण मला विकत घेईपर्यंतच आवडतो.

मला आणलं काकांनी. ते डब्यांची वेष्टनं आणि बाटल्यांवरची लेबलं तयार करायचे. दोन खोल्यांचं ऑफिस, खिडकीपाशी उतरतं टेबल. माझ्या कडेने ब्लेड ओढून ते कागद कापत. त्यांच्या हाताखाली मी कधी घसरले नाही. त्यांच्या कामावर त्यांचं नाव कुठेच नसे, आणि जुन्या कामाबद्दल बोलायची त्यांना सवय नव्हती.

मग त्यांची पुतणी आली. ब्लेड कसं धरायचं, दोन अक्षरांत किती जागा सोडायची, सगळं काकांनीच शिकवलं. ती शिकली आणि लिहूही लागली. एका मासिकात दर महिन्याला एक लेख. विषय घरातलेच: साबणाचं वेष्टन, दाराची पाटी, गाडीचं तिकीट.

एकदा तिच्या आईने खोकल्याचं औषध दुप्पट घेतलं आणि दिवसभर गुंगीत पडली. पुतणीने ती बाटली ऑफिसात आणली, मला लेबलावर ठेवलं. किती चमचे घ्यायचे ते सांगणारी अक्षरं तिळाएवढी, तीही फिकट पिवळ्यावर पांढरी. तिने लिहिलं, "हे लेबल करणाऱ्याला देखणेपण हवं होतं, वाचणारा नको होता."

अंक आला त्या सकाळी काका बूट न काढताच आत आले.

"कुणाच्या कामावर थुंकलीस, ठाऊक आहे?"

"कुणाच्या?"

"माझ्या! तू रांगत होतीस तेव्हाचं लेबल आहे ते."

तिने टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला माहीत नव्हतं, काका. पण आई..."

"वहिनीने चष्मा लावायला हवा होता! पुढच्या अंकात लिही, माझी चूक झाली म्हणून. नाहीतर या ऑफिसात पाऊल टाकू नकोस."

"लिहिते. आधी पट्टी लावा, काका. अक्षरं पुरेशी मोठी निघाली तर आत्ता लिहिते."

"माझ्या हातचं काम मी मोजू? तुझ्या सांगण्यावरून?"

त्यांनी मला उचललं. मला वाटलं, आता बाटलीवर ठेवतील. त्यांनी मला भिंतीवर फेकलं. माझा एक कोपरा मुडपला. ती गेली, बाटली टेबलावरच राहिली. काकांनी ती खणात कोंबली.

त्यानंतर त्यांनी ओळखीच्या सगळ्या ऑफिसांना फोन केले. "तिला ठेवाल तर माझ्याशी संबंध संपला." तिला कुणी ठेवलं नाही. ती घरी बसून परगावची कामं करू लागली, आणि लिहीत राहिली. लेखांचं पुस्तक झालं. हे काम शिकणारी मुलं काकांना विचारायला येत, "त्या लेखिका तुमच्या पुतणी ना?"

"मला पुतणी नाही," काका म्हणत आणि दार लावून घेत.

मासिक मात्र चुकवत नसत. अंक आला की तिने लिहिलेली वस्तू शोधून आणत आणि मला लावत. कुठेतरी चुकेल, याची वाट बघत. एवढ्या रागाने मला कुणी कधी धरलं नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात चूक सापडली! एका तिकिटाची रुंदी तिने कमी लिहिली होती. काकांनी लगेच फोन लावला.

"चुकलीस. मोजलंय मी."

"थांबा हं, काका. काढून बघते."

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग तिचा आवाज आला, "हो, काका. माझीच चूक."

काकांनी फोन ठेवला.

नव्या अंकात तिने ती चूक ठळक अक्षरांत छापली. काकांनी उभ्यानेच वाचलं. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मला दिसला नाही. त्यांनी खण उघडला, बाटली काढून माझ्याशेजारी ठेवली. हात पुढे केला, मागे घेतला आणि दिवा मालवून गेले.

तेव्हापासून आम्ही दोघी इथे पडून आहोत, मधे बोटभर अंतर. मला आपणहून सरकता येत नाही. काका, माझा कुणावर राग नाही, तुमच्यावरही नाही. मला तेवढं बोटभर सरकवा.