बेलवलीमागचा न दिसणारा फलाट

मित्रांनो, मी एक जुना फलाट आहे. अंबरनाथ मागे पडलं की बदलापूर यायच्या जरा आधी, बेलवलीच्या मागे, करवंदीच्या जाळीआड मी पसरलेलो आहे. तुम्ही रोज माझ्या शेजारून जाता, पण मी तुम्हाला दिसत नाही. त्यात तुमचा दोष नाही. उभं राहवणार नाही इतका जो दमलेला असतो, त्यालाच मी दिसतो. आता तुम्ही म्हणाल, मग तर अख्ख्या बदलापूरला दिसायला हवा! पण आणखी एक अट आहे. त्या माणसाला घाई नसावी. दमलेला आणि तरी घाई नसलेला माणूस या पट्ट्यात दहा वर्षांतून एखादा सापडतो.

माझा जन्म मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा आठवतो का? माझ्या भेगेत राहणारी सापसुरळी सांगते, की अंबरनाथचं शिवमंदिर घडवताना उरलेल्या दगडांतून मला बांधलं. ती थापा मारण्यात पटाईत आहे, पण ही थाप मला आवडते. माझ्यावर दोन माणसांपुरतं एक सागवानी बाक आहे. तुमच्या नकाशात नसलेल्या आडदेशाची गाडी सकाळी येते, माणसं उतरवते आणि आल्या वाटेने परत जाते. सूर्य कलला की त्यांना न्यायला पुन्हा येते.

आडदेशातली मंडळी हौशी. कुणाला शेपटी, कुणाला चार हात. सगळी उल्हासनगरच्या बाजारात कापड घ्यायला येतात. चार बाह्यांचा सदरा मागितला तरी तिथला सिंधी शेठ चकित होत नाही. "चार बाही? टाइम लगेगा, साईं," एवढंच म्हणतो.

बेलवलीची रखमाबाई मला रोज झाडायची, माझ्या कडेला चुना लावायची. तेव्हा आडदेशातले लोक म्हणायचे, असा फलाट आमच्या राजधानीतसुद्धा नाही. मी फुगून जायचो. रखमाबाई गेली आणि माझ्यावर गवत वाढलं, बाकाचा एक पाय लुळा पडला. कितीतरी वर्षं मी तसाच पडून होतो. मग तिची सून वेणू करवंदं काढता काढता दमून जाळीपाशी टेकली, आणि तिला मी दिसलो. दुसऱ्या दिवशी ती खराटा घेऊन आली.

माझा एक नियम मात्र कडक आहे. तुमच्याकडचा माणूस त्या गाडीत बसला, तर त्याच संध्याकाळी घरच्या कुणीतरी बाकावर त्याची जागा धरून ठेवावी लागते. तरच त्याला उतरता येतं. नाहीतर दार त्याच्यासाठी पुन्हा कधीच उघडत नाही. मागे एक मास्तर असेच गेले. एकटे राहायचे. त्यांची जागा धरायला कुणीच आलं नाही. त्या संध्याकाळचं मला अजून वाईट वाटतं.

आणि गेल्या मार्चमध्ये समीर आला. ठाण्याला नोकरी करणारा साधा माणूस. त्या दिवशी धावूनही त्याची नेहमीची गाडी चुकली होती आणि उभं राहवेना म्हणून तो जाळीपाशी येऊन टेकला होता; उशिरा येतो म्हणून साहेबांना कळवलेलं होतं, म्हणून घाई नव्हती. तुमच्या इकडच्या लोकांची एक खोड तुम्हाला ठाऊकच आहे. जायचं असतं मुंबईकडे, पण चढायचं उलट्या गाडीत. शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि तीच गाडी परत फिरली की बसल्या जागी आरामात निघायचं. याला रिटर्न मारणं म्हणतात. समीरने माझ्यापाशी उभी असलेली रिकामी गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"आयला, पूर्ण खाली! चल, रिटर्न मारू," असं स्वतःशीच म्हणत तो खिडकीशी जाऊन बसला. मी पडलो दगड, ओरडणार कसा? गाडी सुटली.

वेणूने हे पाहिलं. खराटा टाकून ती समीरच्या बिल्डिंगकडे धावली. तिथे ती भाजी विकते, त्याची बायको राजसी तिच्या ओळखीची.

"बाय, तुजा घरवाला त्या गारीत बसला! चल माज्यासंगं."

"मावशी, कुठल्या गाडीत? तो तर ऑफिसला गेलाय. थांबा, फोन लावते."

फोन लागेना. तासाभराने ऑफिसातूनच उलट फोन आला, समीर कुठे आहे म्हणून. तेव्हा मात्र राजसीचा चेहरा पडला. वेणूचा हात धरून ती माझ्यापाशी आली. वाटेत वेणूने सासूकडून ऐकलेला माझा नियम तिला सांगितला. माझी झाडलोट करणाऱ्याचा हात धरला की मी कुणालाही दिसतो.

दुपारपासून ती बाकावर बसली. शेजारच्या जागेवर तिने पर्स ठेवली. बाजारातून गठ्ठे घेऊन एकेक प्रवासी परतू लागला.

"मॅडम, खाली है क्या?" बाजारात शिकलेल्या हिंदीत एकाने विचारलं.

"नाही, आहे कोणीतरी."

दुसऱ्याने विचारलं, पाचव्याने विचारलं. प्रत्येकाला तेच उत्तर.

"मावशी, सकाळी मी त्याला म्हटलं, तू घरात असून नसल्यासारखा. असं कुणी बोलतं का हो?"

"नवरा-बायकोत व्हतंच तां, बाय. उठू नको मातर."

ऊन उतरलं. तेवढ्यात शेपटीवाली एक पोटुशी बाई गठ्ठा सावरत येऊन उभी राहिली. तिने काही विचारलंही नाही. राजसीने पर्सकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि स्वतःची जागा तिला दिली. आपण उभी राहिली, नवऱ्याच्या जागेवर हात दाबून ठेवत. मी खूप माणसं पाहिली आहेत, पण त्या बाईला उठून जागा दिलेली पाहून माझा ऊर भरून आला.

गाडी आली. सगळे चढले. एकच दार बंद राहिलं. लांब कानांच्या गार्डने डोकं बाहेर काढलं.

"अंदर एक आदमी है. उसका कोई है?"

"आहे ना!" राजसी ओरडली. "मी आहे!"

दार उघडलं.

"अगं, ही गाडी रिटर्न होतच नव्हती," समीर उतरता उतरता सांगू लागला. "तिकडे डोंगर चालतात, राजसी, खरंच..."

"गप्प बस. आधी इथे बस," ती म्हणाली आणि रडू लागली. वेणूनेही पदराने डोळे पुसले. मी इतका सैलावलो, की बाकाचा लुळा पाय करकरला.

गाडी गेल्यावर ती दोघं बाक सोडून माझ्या कडेवर पाय सोडून बसली. तो चालणाऱ्या डोंगरांबद्दल सांगत होता, ती ऐकत होती.

मित्रांनो, फलाटाला फार काही लागत नाही. खराटा, चुना आणि वाट पाहणारं एखादं माणूस. पहिली दोन कामं वेणू करते. तिसरं तुमचं तुम्हालाच करावं लागेल. ज्याची वाट पाहायची, त्याची आजच पाहा. माझ्याकडे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ चालत नाही.