खरेभाऊंची कढई

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या टेबलावर शेगडी धडधडत होती, तिच्यावर भलीमोठी कढई, आणि कढईत तेल खदखदत होतं. खरेभाऊंनी शुभ्र सदऱ्याची बाही कोपरापर्यंत चढवली.

"जुनं ते सोनं, हे मी तोंडानं सांगत नाही, हातानं सांगतो," ते म्हणाले. "आपल्या पूर्वजांना वकील लागत नव्हते. खऱ्याला आग जाळत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. मी एक शब्द जरी खोटा बोललो असेन, तर हा हात जळो."

त्यांनी हात मनगटापर्यंत तेलात बुडवला, पाचपर्यंत आकडे मोजले आणि निथळता हात वर धरला. साधा फोडही नव्हता. बायका रडू लागल्या. माणसं जागच्या जागी हात जोडून उभी राहिली. मी जळीत विभागातला डॉक्टर; सभेच्या रुग्णवाहिकेवर माझी ड्युटी होती. तो हात जवळून बघायला निघालो, तर कार्यकर्त्यांनी पायरीवरच अडवलं.

याच खरेभाऊंनी पहिल्या दोन निवडणुका कोट-टाय घालून, कारखाने आणण्याच्या घोषणा देत लढवल्या होत्या. दोन्हीदा अनामत जप्त झाली. मग कोट गेला, दाढी आली, परंपरा आली आणि तिच्यामागून कढई आली. त्यानंतर ते कधी हरले नाहीत. घटस्फोट अवघड करणारा कायदा त्यांचाच. बायकांच्या संध्याकाळच्या पाळ्या बंद करा, ही मागणीही त्यांचीच. विरोधक आकडेवारी मांडायचे, खरेभाऊ हात दाखवायचे.

सभेनंतर अकराव्या दिवशी माझ्या विभागात एक बाई आली. शिवणकारखान्यात कामाला, वय सव्वीस. उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत हातमोज्यासारखी सुटली होती.

"तेल सांडलं," तिचा नवरा म्हणाला.

सांडलेलं तेल ओघळ सोडतं. इथे मनगटाभोवती सरळ रेघ होती. मी नवऱ्याला बाहेर पाठवलं, तेव्हा ती बोलली. कामावरून यायला दोनदा उशीर झाला. नवऱ्याच्या मनात संशय शिरला. सासरचे जमले, तेल तापवलं, आणि साक्षीला तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तू खरी आहेस ना, मग घाबरतेस कशाला?"

वडील कारखान्याच्या कँटीनमधले आचारी, खरेभाऊंचे कट्टर भक्त. दोन दिवस ते व्हरांड्यातल्या बाकावरून हलले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं.

"डॉक्टर, माझी पोर खोटी नाही. मग हात कसा जळला?"

"तेल गरम होतं म्हणून."

त्यांनी आपल्या हातांवरचे तळणीचे जुने डाग बघितले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी तळणीवर उभा आहे. तेल तापलं की वास येतो, मग धूर निघतो. बुडबुडे यायला त्यात काहीतरी ओलं पडावं लागतं. मी सभेत पहिल्या रांगेत होतो. वास नव्हता, धूर नव्हता, नुसते बुडबुडे होते." त्यांनी मान खाली घातली. "आणि हे मला तेव्हाही दिसलं होतं."

पुढच्या सभेत कार्यकर्त्यांचं जेवण त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे त्यांना व्यासपीठावर कुणी अडवलं नाही. मी ड्युटी मागून घेतली होती. तेल खदखदायला लागताच आचारी पुढे झाले आणि बटाट्याची ओली फोड कढईत टाकली. ती चुरचुरली नाही. मुकाट्यानं तळाला गेली. मग त्यांनी आपला हात कोपरापर्यंत तेलात घातला आणि दुसऱ्या हातानं माइक ओढला.

"माझ्या मुलीला कुणी भाजलेलं नाही," ते म्हणाले. "तिचा हात धडधाकट आहे. ती आज कामावर गेली आहे."

त्यांनी हात वर काढला. "तिन्ही वाक्यं खोटी आहेत. बघा, कुठं जळलंय?"

कार्यकर्ते अंगावर धावले, झटापटीत कढई उलटली. तेल खरेभाऊंच्या पायांवर आलं. ते जेमतेम कोमट होतं. कढईला दोन तळ निघाले, मध्ये वाळू भरलेली. ज्वाळा कडेनं वर यायच्या. वाळूतून ऊब तेलापर्यंत पोचेस्तोवर कार्यक्रम आटोपायचा. तळातून एक बारीक नळी टेबलाखाली गेली होती, आणि तिथे माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप चालू होता.

दुसऱ्या दिवशी खरेभाऊंनी सांगितलं, शत्रूंनी कढई बदलली. पुष्कळांना ते पटलं. त्या वर्षीही ते निवडून आले, फक्त मतं घटली. नवऱ्यावर खटला उभा राहिला. बाईची तीन बोटं आता वळत नाहीत, शिवणकाम सुटलं. वडील रोज डबा घेऊन यायचे. एकदा माझ्यासमोरच ती त्यांना म्हणाली, "बाबा, तुम्ही तेलाला विचारलंत. मला विचारायचं होतं."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि डबा तिच्या डाव्या हाताशी सरकवला.

तेलाला खरं-खोटं कळत नाही. ते तापलेलं असलं तर भाजतं, नसलं तर नाही. मग हात साधूचा असो की चोराचा. खरं शोधायचं तर माणसाशी बोलावं लागतं, पुरावा तपासावा लागतो, आणि स्वतःच्या डोळ्यांना जे दिसतं ते वेळेवर बोलून दाखवावं लागतं. त्या मैदानात तळण करणारी हजार माणसं तरी असतील. त्यातल्या एकानं जरी पहिल्या सभेत तोंड उघडलं असतं, तरी ती पोर आज शिवायला बसली असती.