टोपलीखालचा सांगण्या

तुळजानं नारळाचं धुमसतं सोडण बाजूला ठेवलं, मधाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतल्या फळीला चिकटलेला जाडजूड पतंग मुठीत धरून बाहेर काढला. दोन-चार माश्या मनगटाला डसल्या. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सागऱ्या, बॅग खाली ठेव," ती म्हणाली. "सांगण्या आलाय."

तिचा लेक सागर अंगणात बूट घालून उभा होता. जोयड्याला जाणारी जीप यायला अजून थोडा अवकाश होता. रामनगरच्या लाकडाच्या वखारीत त्याला कारकुनाची जागा मिळाली होती. उद्या सकाळी तो तिथं दिसला नाही, तर दुसरा कुणी दिसणार होता. त्याची बायको कविता दोघांचं अंथरूण बांधून पायरीवर बसली होती. या घरात माणसं तीनच. दोन गेली की एक उरणार होतं.

"आमच्या रामनगरात ह्याला कवटीवाला म्हणतात," कविता म्हणाली. "पाठीवर कवटी हाय म्हणून. आन् कॉलेजात सर सांगायचे, इंग्रजीत ह्याच्या जातीला ससाणा म्हणतात. त्यातले कितीतरी फुलापुढं हवेत तसेच थांबतात."

"ससाणा कोंबडी तरी नेतो," तुळजा म्हणाली. "तुझ्या सरांना म्हणावं, नाव ठेवायच्या आधी हातात धरून बघा."

तुळजाच्या माहेरी, अणशीच्या रानात, त्याला नुसतं मधचोर म्हणत. पेटीत शिरतो, पोटभर पितो, जातो. चोराला चोर म्हणावं, एवढीच तिथली अक्कल. सांगण्या हे नाव या घरचं. सासूनं, बायजानं, ते तिच्या ओटीत घातलं आणि त्याबरोबर त्याची किल्लीही दिली. पाठीवरल्या कवटीवर अंगठा दाबला की हा उंदरासारखा चिरकतो. घरातल्यांची नावं घ्यायची. ज्याच्या नावावर चिरकेल त्याच्यावर सावट. अमावास्या सरेपर्यंत त्यानं शीव ओलांडायची नाही, आणि घरच्यांनी त्याला एकटं सोडायचं नाही.

"पायजे त्या नावाला दाब," बायजा म्हणाली होती. "घर मुठीत ऱ्हातं." मग चुलीतलं लाकूड पुढं सारून म्हणाली, "आन् न दाबता बोलला, तर ते मातूर खरं."

तिच्या हातात तो तसा एकदाच बोलला होता. कुणाच्या नावावर, ते तिनं सांगितलं नाही. पुढं मामंजींचं धोतर ओढ्याच्या काठी सापडलं. मामंजी सापडले नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सांगण्या कविताच्या नावावर चिरकला आणि तिचं माहेर हुकलं. तेव्हापासून सांगण्या आला की कविता त्याच्याकडं बघत नसे. ती सासूच्या अंगठ्याकडं बघे. हे तुळजाला ठाऊक होतं, म्हणून आज तिनं पायरीकडं पाठ केली आणि मूठ छातीशी धरली. अंगठा वर, मोकळा. सागरच्या नावाला तेवढा खाली यायचा होता.

नावं थोरल्यापासून घ्यायची असतात.

"तुळजा," ती म्हणाली. स्वतःचं नाव ती नेहमी झटक्यात उरकायची, देवाला नैवेद्य दाखवावा तसं.

मुठीत सांगण्या चिरकला.

तिनं अंगठ्याकडं बघितलं. अंगठा वरच होता. डसलेल्या जागी मनगट ठणकत होतं आणि मुठीतलं ते जाड अंग धडधडत होतं. पुढची नावं तिनं घेतली नाहीत.

सागर खाली बसला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला.

"अव्वा, तुझ्या नावावर बोलला," तो म्हणाला. "आता मी काय जात न्हाई."

हेच तर तिला हवं होतं. सकाळपासून याच वाक्यासाठी ती मनात नावं घोळवत होती. आता तो उंबऱ्यावर टेकून बसला, हात गुडघ्यावर टाकून. घरात कुणी शेवटचं पडलेलं असलं की बाहेर माणसं बसतात, अगदी तसा. मधूनच मान वळवून तो तिच्याकडं बघायचा, आणि तिनं बघितलं की नजर काढून घ्यायचा.

तुळजा स्वयंपाकघरात गेली. पतंग जमिनीवर ठेवून तिनं त्याच्यावर बांबूची टोपली पालथी घातली. पाठोपाठ कविता आली. तिचा आवाज हळू होता.

"आत्ती, लई हुशार हाय तुम्ही. त्याच्या नावाला दाबला असता तर मी बोलले असते. म्हणून सोताच्या नावाला दाबला."

तुळजानं टोपली नीट बसवली.

"दाबला का न्हाई, एवढं सांगा. न्हाई म्हणालात, तर मी बांधलेलं अंथरूण सोडते. पुन्यांदा तोंडातनं नोकरीचं नाव काढणार न्हाई."

बाहेर सागर खोकला. तुळजानं पदराआड आपला अंगठा चाचपला. दाबला की अंगठ्याला तपकिरी भुकटी लागते, तेलात कालवलेल्या हळदीसारखी, दोन दिवस जात नाही. अंगठा स्वच्छ होता.

ती वाकली, टोपली बोटभर उचलून तिनं आत हात घातला आणि कवटीवर अंगठा दाबला. जोरात. सांगण्या चिरकला नाही. आणखी दाबला. तो गप्पच.

तिनं हात बाहेर काढला आणि सुनेच्या तोंडासमोर धरला.

"हे बग. दाबला. तुझी सासू हाय मी, तुळशीवृंदावन न्हाई. जा, सांग त्याला. आन् मिरच्या मडक्यात हायत त्या ने, तिकडच्या मिरच्यांना ना रंग ना धग."

कविता त्या भुकटीकडं बघत राहिली. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ती बाहेर गेली.

थोड्या वेळानं सागर दारात आला. बूट पायात होते. तो आत आला नाही.

"मरणाचं सोंग तरी करू नये अव्वा," तो म्हणाला.

"जीप चुकंल," तुळजा म्हणाली.

जीपचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग रानानं तो गिळला. तुळजानं चूल पेटवली. एकाच माणसाचे तांदूळ सुपात घेतले, ते फार थोडे दिसले म्हणून आणखी मूठभर घातले. मागं टोपलीखाली पंख फडफडले, थांबले, आणि कुणी हात लावलेला नसताना सांगण्या पुन्हा चिरकला.

"ऐकलं मघाशीच," तुळजा मागं न बघता म्हणाली. "एकदा सांगितलंस ते बास झालं."

आणि ती तांदूळ निवडत बसली.