पांढऱ्याखालची रोपं

लाल नायलॉनच्या साडीचे एक टोक चंद्रकांताने बांबूला बांधले आणि दुसरे ओढून ताणले. खाली मिरचीचा वाफा होता. शेजारच्या वाफ्यावर निळी साडी होती, पलीकडे हिरवी आणि शेवटच्या वाफ्यावर पांढरी. एरंडोलचे एप्रिलचे ऊन परसात चार रंगांनी उतरले.

साड्या तिच्याच होत्या. नवरा जाऊन वर्ष झाले होते. घरच्या रिवाजाप्रमाणे ती पांढरे नेसत होती आणि रंगीत साड्या नणंदेला द्यायचे ठरले होते. तिने अजून दिल्या नव्हत्या.

जेठ, म्हणजे थोरला दीर, पुखराज बियाण्याच्या दुकानातून मागच्या दारात आला. तो आणि चंद्रकांता एकमेकांशी बोलत नसत. बोलणे सासूमार्फत, म्हणजे लाडकुंवरमार्फत चाले. तो आईला ‘बाई’ म्हणे, ती सासूला ‘बाईजी’.

“बाई, विचार त्यांना, रोपं कुणाच्या लग्नाला निघालीत?”

चंद्रकांताने घुंघट पुढे ओढला.

“बाईजी, त्यांना सांगा, कुठल्या रंगाच्या उजेडात रोप चांगलं येतं ते बघतेय. कॉलेजात शिकले होते. दुकानाच्याच कामाचं आहे.”

दोघांनाही सगळे ऐकू आले होते. लाडकुंवर मधे बसून तांदूळ निवडत राहिली. तीही विधवा; तिच्या अंगावर पांढरे लुगडे येऊन तीस वर्षे झाली होती.

रंगीत साड्या कामाच्या ठरल्या तर त्या घरातून जाणार नाहीत, एवढेच चंद्रकांताला हवे होते. म्हणून पाणी घालताना ती लाल वाफ्यापाशी जास्त वेळ थांबे.

मे महिन्यात निकाल लागला. लालखालची रोपे सरसर उंच झाली, पण काडीसारखी. निळ्याखालची बुटकी राहिली. हिरव्याखालची पिवळी पडून माना टाकू लागली. पांढऱ्याखाली मात्र जाड देठाची, भरल्या पानांची रोपे उभी होती.

रोपे घ्यायला आलेल्या तानुबाईने चारही वाफे पाहिले आणि लाल वाफ्यापाशी नाक मुरडले.

“हाई बठ्ठा रोपे नुसता उंच वाढेल शेतस. वारा उना का आडवा पडतीन. माले त्या पांढराखालना दे, माय.”

“तेच घ्या, अक्का. लालची मी कुणाला देणार नाही,” चंद्रकांता म्हणाली.

पुखराज दारात हसत उभा होता.

“झाडालासुद्धा कळतं पांढरं काय असतं! बाई, सांग त्यांना, हौस फिटली असेल तर ते रंग उतरवा. नवे वाफे पांढऱ्याखालीच घ्यायचे.”

चंद्रकांताच्या हातातली झारी वाकडी झाली. पाणी पायावर सांडले. मग तिने ती सरळ केली.

“बाईजी, जेठजींना विचारा. सगळे वाफे?”

“सगळे,” पुखराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल, निळी, हिरवी अशा तिन्ही साड्या धुऊन दोरीवर पडल्या. दुपारपर्यंत नव्या वाफ्यांवर पांढरी छते उभी राहिली. एक साडी दोन वाफ्यांना पुरे. ती मधोमध कापावी लागे. चंद्रकांता न थांबता कापत गेली. शेवटी अंगावरची उरली. ती आत गेली, आणि परत आली तेव्हा त्या साडीचे दोन तुकडे तिच्या हातात होते. अंगावर निळी होती, उन्हाने मधेच विटलेली.

पुखराज दुकानातून आला तो उंबऱ्यावरच थांबला.

“बाई! हे काय नेसलंय?”

“बाईजी, त्यांना सांगा, पांढरी सगळी वाफ्यांवर गेली. त्यांनीच सांगितलं होतं.”

“नवी आणतो म्हणावं. आत्ता आणतो बाजारातून.”

“आणू द्या. अजून चार वाफे उघडे आहेत.”

बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होते. पुखराजने आईकडे पाहिले. आता तीच काय ते बोलेल, अशा खात्रीने तो वाट पाहत उभा राहिला.

लाडकुंवर आत गेली. परतली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेली लुगडी होती, सगळी पांढरी. तिने ती चंद्रकांताच्या पुढ्यात ठेवली.

“नव्याला कशाला पैसे घालवायचे,” ती म्हणाली.

मग दोरीकडे न बघता, गुडघे धरून खाली बसत तिने सुनेला विचारले,

“बिनणी, ती हिरवी वाळली का?”