धक्क्यावरचा हललेला खलाशी

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे हं, फोटोची! मित्रांनो, तुमच्यासारखं आमचं चुटकीसरशी होत नसे. फोटोवाला माझ्यावर औषध ओतायचा आणि मी ओली आहे तोवरच सगळं उरकायचं. वाळले की कामातून गेले! त्यामुळे माझा जीव पहिल्यापासून टांगणीला.

त्या दिवशी बंदराच्या नव्या धक्क्याचा फोटो काढायचा होता. वारा सुटलेला, नावा डुलताहेत, हमालांची ये-जा चाललेली. फोटोवाला ओरडला, "कोणी हलू नका रे!" सगळे खांबासारखे उभे राहिले. एक तरुण खलाशी मात्र ऐन पुढ्यात चुळबुळत होता. मान इकडे, मान तिकडे, टोपी वर, टोपी खाली. मी आतून नुसती जळफळत होते. अरे बाबा, जरा दम धर की!

व्हायचं तेच झालं. धक्का लख्ख आला, दोरखंडांचे पीळसुद्धा मोजून घ्या. खलाशाचे मात्र पाय तेवढे आले, वर नुसता धुरकट फराटा. बंदराचे साहेब म्हणाले, "हा डाग कसला? दुसरा काढा." झालं! माझी रवानगी नापास काचांच्या ढिगात, तीही तळाशी. अशा काचा फोटोवाल्याची बायको सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन पुन्हा वापरायला काढायची. वरच्या काचा कमी होत गेल्या, तसतशी मी उरलेल्या मोजत राहिले.

माझी पाळी आली त्याच सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. "ताई, माझा लेक जहाजावर चढताना सांगून गेला, धक्क्यावर माझा फोटो काढलाय म्हणून. जहाज बुडालं हो. तेवढा फोटो दाखवता का?"

बायकोने हात पुसले, मला औषध लावलेल्या कागदावर ठेवलं आणि उन्हात छाप काढला. फोटोवाला ओशाळला. "आई, चेहरा आलाच नाही. पोरगा हलला."

म्हातारीने त्या फराट्यावरून बोट फिरवलं. डोळे भरलेले, तरी हसली. "हाच तो! पाळण्यातसुद्धा कधी गप्प पडला नाही द्वाड. चेहरा मला पाठ आहे हो. त्याची ही चुळबुळ मला दुसरं कोणी दिली असती?"

सोड्याचं पाणी तसंच निवून गेलं. मित्रांनो, अजूनही कोणी फडकं घेऊन जवळ आलं की मला धस्स होतं. तुमच्याही घरात असे बिघडलेले फोटो असतील. पुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा दाखवा. तुम्हाला जिथे डाग दिसतो, तिथे कोणा आईला तिचं पोर दिसत असेल.