आधी पंखा बंद कर

डबिंगच्या धंद्यात त्याला सगळे घसा म्हणत. पडद्यावर नटांची तोंडं हलायची, बोलायचा घसा. हल्ली मात्र कामं आटली होती. गेली दोन वर्षं तो औषधाच्या एका जाहिरातीत नुसता खोकत होता. आवाज पुरता बसायच्या आत एक मोठं काम मिळावं, एवढीच इच्छा उरली होती.

अशात त्याचा एक सणकून आपटलेला सिनेमा अचानक डोक्यावर घेतला गेला. बांबूच्या शेंड्यांवरून पळणारे योद्धे, हवेत तरंगणारी तलवार आणि लांब दाढीचा आंधळा गुरू. गुरूचा आवाज घशाचा. शेवटी डोंगरमाथ्यावर शिष्य विचारतो, "गुरुदेव, मुक्ती म्हणजे काय?" गुरू म्हणतो, "आधी पंखा बंद कर."

झालं. पंखा म्हणजे मन, असं काहींचं मत पडलं. एका प्राध्यापिकेने तीन पाती म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य असं सिद्ध केलं, तेव्हा घरी चार पात्यांचे पंखे असलेल्यांनी वेगळा पंथ काढला.

खरी गोष्ट अशी, की स्टुडिओतला पंखा घरघरत होता आणि घशाने गुरूच्याच आवाजात रेकॉर्डिंगवाल्याला तसं सांगितलं होतं. दाढीत ओठ दिसत नव्हते, संकलक कंटाळला होता. वाक्य सिनेमात तसंच राहिलं.

एके दिवशी एक तरुण दिग्दर्शक घरी आला. "काका, दुसरा भाग करतोय. ते वाक्य म्हणताना तुमच्या मनात नेमकं काय होतं? ते कळलं की मगच काम कुणाला द्यायचं ते ठरवेन."

बायको पाणी द्यायच्या निमित्ताने कानाशी कुजबुजली, "अहो, खरं सांगाल तर घालवून बसाल."

पण घसा जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आला होता. स्वतःचं असं एकच वाक्य पडद्यावर गेलं होतं, तेही चुकून. त्याबाबतीत खोटं बोलायला जीभ रेटेना.

"मनात पंखा होता," तो म्हणाला. "आवाज करत होता."

दिग्दर्शकाचे डोळे पाणावले. "इतकं साधं."

"अरे, छताचा. खरा पंखा."

"खरा," असं पुटपुटत दिग्दर्शक पाया पडला. काम पक्कं झालं. "फक्त एक आहे काका, या भागात गुरूने मौन घेतलंय."

"मग मी काय करू?"

"मौन तुमचंच हवं. दुसऱ्याचं लोक लगेच ओळखतील."

"घरी कधी जमलं नाही ते," बायको म्हणाली.

सोमवारी घसा माईकसमोर उभा राहिला आणि गप्प बसला.

"छान," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "पण जरा रागावल्यासारखं वाटतंय."

घशाने डोळे मिटले. सगळी उमेद पणाला लावून तो असा गप्प बसला, की काचेपलीकडची माणसं नकळत उठून उभी राहिली.

"साहेब," रेकॉर्डिंगवाला चाचरत म्हणाला, "माईक चालू करायचा राहिला. रिकामी फीत जोडली तर कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," घसा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "आणि आता परत तसं काही जमायचं नाही."